आळणी

“समोर जे येईल त्याच्याकडं पाठ करू नको. दार दिसलं तर आत जा. माणूस दिसला तर त्याला विचार, तुला काय पाहिजे. पळालास तर ते मागून येईल, आणि मागून येणारं नेहमी मोठं होऊन येतं.” हा आवाज त्या म्हाताऱ्या प्राध्यापकाचा. बर्फाच्या देशातला म्हातारा. तो मराठीत बोलला असणं शक्यच नव्हतं. पण इतक्या वर्षांत चंद्रभानच्या कानात ते शब्द पार गावाकडचे होऊन गेले होते. परभणीच्या प्रयोगशाळेत टेबलावर बाजरीची रोगट कणसं पडली होती आणि तो स्पिरिटच्या दिव्यावर सुई तापवत होता. रोजचंच काम. मनगट जरासं पुढं गेलं, एवढंच झालं. चुर्र झालं आणि हातावरचे चार केस आक्रसून गेले. कातडीला चटकासुद्धा बसला नाही. पण वास आला. चंद्रभाननं दिव्यावर टोपण ठेवलं, सुई खाली ठेवली, साबणानं दोनदा हात धुतले. वास हाताला नव्हताच. तो नाकाच्याही आत, कपाळाच्या मागं कुठंतरी दीड वर्ष घर करून होता आणि आज त्याला कुणीतरी हाक मारली होती. उद्या कोर्टात तारीख. शिपायानं विचारलं, साहेब जायलाव का, अजून चारच वाजलेत. चंद्रभान चपला घालून बाहेर पडला.

रस्त्याच्या कडेला गोवऱ्यांच्या आरावर कुणी हुरडा भाजत होतं. माघाचं ऊन उतरतीला लागलं होतं. कोवळी कणसं आरात खुपसली की आधी त्यांची लव जळते, मग दाणा फुगतो, मग हातावर चोळून त्याचा हिरवा दाणा काढायचा. लहानपणापासून तोंडाला पाणी आणणारा तो वास चंद्रभानला आता सोसवत नव्हता. तो रस्त्याच्या पलीकडून गेला. रेल्वेचं फाटक बंद होतं. सायकली, एक बैलगाडी, डोक्यावर पाटी घेतलेल्या दोन बाया, सगळे निमूट थांबले होते, आणि चंद्रभानही त्यांच्यात देवळाच्या रांगेत थांबावं तसा थांबला. सेलूकडं जाणारी गाडी येत होती. याच गाडीनं त्याचा मुलगा भुजंग सुट्टीला गावी जायचा. सेलूला उतरून तांबुळखेड्याला पायी. पोरगा एकोणिसाचा झाला होता, आवाज फुटून जाड झाला होता, पण झोपेत अजून अंगठा मुठीत दाबून झोपायचा. इंजिन धडधडत आलं, त्याची ऊब चेहऱ्यावर लागली आणि चंद्रभाननं डोळे मिटून घेतले.

त्या बर्फाच्या देशात त्याला शिष्यवृत्तीनं पाठवलं होतं ते धान्यावरच्या बुरशीचा अभ्यास करायला. तिथल्या राईच्या, म्हणजे गव्हासारख्या एका धान्याच्या, कणसावर काळी, उंदराच्या लेंडीसारखी बुरशी वाढते. जुन्या काळी त्या पिठाची भाकरी खाऊन गावंच्या गावं वेडी झाली, माणसांची बोटं झडली, असं पुस्तकात होतं. त्याच बुरशीतून म्हाताऱ्याच्या खात्यानं एक द्रव्य वेगळं काढलं होतं. मिठाच्या खड्याहून लहान कण, पण पोटात गेला की माणसाच्या मनाच्या भिंती विरघळतात. ते सगळं तेव्हा राजरोस चालायचं. डॉक्टर, विद्यार्थी, दोन पाद्री, सगळे आपणहून घ्यायचे आणि पलंगाशेजारी बसून कुणीतरी टिपणं करायचं. चंद्रभानची पाळी आली तेव्हा म्हाताऱ्यानं त्याला आडवं केलं, अंगावर घोंगडी घातली आणि ती सूचना दिली. आधी फार गोड झालं. खिडकीतलं कुंडीतलं झाड श्वास घेत होतं, चंद्रभान श्वास घेत होता, आणि ते दोन श्वास नव्हतेच. त्याला रडू फुटलं. आई पहाटे जात्यावर बसून म्हणायची ते सगळ्यांत एकच असण्याचं, ते असं हाताला लागावं इतकं खरं असतं, असं त्याला वाटलं. आणि मग त्या गोडव्याच्या तळातून विहीर वर आली.

तांबुळखेड्याची, मळ्यातली, त्यांचीच विहीर. उन्हाळा. मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यापाशी सिताराम उभा. पलीकडच्या वस्तीतला, त्यांच्याच घरी सालानं राबणारा. पाणी वाढायला आसपास कुणी नव्हतं आणि त्यानं स्वतःच्या हातानं थारोळ्यात गाडगं बुडवलं होतं. चंद्रभानचे वडील, बापू, शांतपणे म्हणाले होते, “चंदर, आसूड आण.” आठ-नऊ वर्षांचा चंदर गोठ्याकडं पळाला होता. मनात आनंद होता. बापूंनी थोरल्या भावाला, माणिकला नाही, आपल्याला सांगितलं. खुंटीवरचा आसूड त्याच्या उंचीहून लांब होता, म्हणून तो गळ्यात घालून आणला. पहिल्या फटक्याला सितारामच्या अंगरख्यातली धूळ उडाली. दुसऱ्याला उडाली. नंतर उडाली नाही, कारण कापड ओलं झालं होतं. सिताराम ओरडला नाही. त्यानं हातातलं गाडगं फुटू नये म्हणून पोटाशी धरलं होतं, आणि प्रत्येक फटक्यानं त्यातलं पाणी त्याच्याच पायावर सांडत होतं. परदेशातल्या त्या पलंगावर सिताराम पाठ करून उभा राहिला. आता चंद्रभाननं विचारायचं होतं, तुला काय पाहिजे. तो हळूहळू वळायला लागला, आणि त्याचं तोंड दिसायच्या आत चंद्रभाननं भिंतीकडं तोंड फिरवलं आणि किंचाळला की मला उतारा द्या, सुई द्या, बाहेर काढा. म्हाताऱ्यानं सुई दिली. दुसऱ्या दिवशी चंद्रभाननं सांगितलं ते फक्त झाडाचं आणि श्वासाचं. पुढं परतल्यावर परभणीत, नांदेडला, दोन-तीन ठिकाणी त्यानं त्यावर व्याख्यानंही दिली. लोक हार घालायचे. विहिरीचं त्यानं कुणालाच सांगितलं नाही, आणि आसुडाचं तर नाहीच नाही.

फाटक उघडलं. तो चालू लागला. इथं आल्यावर सरकारनं त्याला बाजरीवरच्या बुरशीचं काम दिलं. जिला तिकडं देव मानून बसलो होतो तिला इकडं मारायचं काम, असं तो बायकोला, सुमंगलेला, हसून सांगायचा. औषध अगदी साधं. बादलीत पाणी, पाण्यात मीठ, चांगलं खारट. त्यात बियाणं ओतायचं. निरोगी दाणा तळाशी बसतो, बुरशीचा वर तरंगतो. वरचा काढून जाळायचा, खालचा धुऊन पेरायचा. जिंतूर, मानवतच्या बाजूला तो गावोगाव हे करून दाखवायचा. शेतकरी म्हणायचे, साहेब, माणसं बी अशी मिठाच्या पाण्यात टाकता आली असती तर लय बरं झालं असतं. चंद्रभानही हसायचा. आपण तळाशी बसणाऱ्यांतले आहोत याबद्दल त्याला तेव्हा शंका नव्हती.

मग तो श्रावण आला. रेडिओवर बातमी आली की विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव झाला, आणि मराठवाड्यात जणू कुणी कापसाच्या वाळक्या पळाट्यांच्या गंजीत काडी टाकली. गावोगाव वस्त्या पेटल्या, माणसं तोडली गेली, विहिरींत घाण टाकली. चंद्रभान परभणीत दार लावून बसला होता. आपण शिकलेले, आपला यात संबंध नाही. भुजंग गावी होता. तिसऱ्या दिवशी निरोप आला की दवाखान्यात या. मोठ्या दवाखान्याच्या शेवटच्या खोलीत केळीच्या पानांवर काहीतरी ठेवलं होतं, आणि ते काहीतरी म्हणजे आपला मुलगा आहे हे चंद्रभानला आधी पायांच्या नखांवरून कळलं. सेलूहून हौसेनं कापड आणून मानवतच्या शिंप्याकडं शिवलेला टेरिलीनचा सदरा होता. तो जळाला नव्हता, वितळला होता. कातडी कुठं संपते आणि सदरा कुठं सुरू होतो हे डॉक्टरलाही कळत नव्हतं. चिमट्यानं कापड धरलं की खालचं मांस बरोबर यायचं. खोलीत तो वास होता. सुमंगला बाहेरच्या फरशीवर बसून डोळे मिटून नाम घेत होती. तिला आत सोडलं नव्हतं. माणिकराव पोलिसांकडं गेले होते. आत दोघंच होते तेव्हा भुजंगनं ओठ हलवले. चंद्रभान वाकला.

“आबा, मी लावली,” भुजंग म्हणाला. शब्दाशब्दाला थांबत. “लिंब्याचं घर. डबा माझ्याच हातात होता. सदऱ्यावर सांडलं. छपराचा वासा अंगावर आला आन सगळे पळाले. लिंब्या वढ्यात लपला होता, त्यो आला. वली वाकळ टाकून मला काढलं. गाडीत टाकलं. रस्ताभर शिव्या द्यायला लागला. झोपू नको लेका, म्हणं, माझं घर कोण तुझा बाप बांधून देणार का.” आणि त्या करपलेल्या तोंडावर हसण्यासारखं काहीतरी झालं, त्यातून पाणी आलं. “आबा, तुमी सांगा. सगळ्याला सांगा. आईला बी.” चंद्रभान म्हणाला, “सांगतो.” पोरानं विचारलं, खरं? चंद्रभान म्हणाला, “तुझ्या गळ्याची आन.” पण हात ठेवायला त्या गळ्यावर जागा नव्हती. म्हणून तो हात त्यानं हवेतच, वर धरून ठेवला.

लिंबाजी सितारामचा मुलगा. भुजंग कॉलेजला परभणीत यायच्या आधी गावीच होता, तेव्हा दोघं बरोबर सेलूच्या शाळेत जायचे. दोघं दुधना नदीत पोहायला शिकले ते एकमेकांना बुडवून. भुजंग गेला त्या संध्याकाळी जमादार आला आणि त्यानं विचारलं, पोरानं मरताना कुणाचं नाव घेतलं का. चंद्रभान म्हणाला, “लिंबाजीचं.” पुढचं वाक्य जिभेवर होतं. अगदी दातांपर्यंत आलं होतं. तेवढ्यात सुमंगलेच्या तोंडून असा आवाज निघाला की तिथली माणसं मागं सरली. गाईच्या पोटात सुरी गेली तर निघेल तसा. माणिकराव जमादाराच्या खांद्यावर वाकून म्हणाले, “लिव्हा. लिंबाजी सितारामनं पोराला धरून आगीत लोटलं. बापापाशी बोललंय लेकरू.” चंद्रभानच्या दातांमागचं वाक्य परत घशात गेलं. उद्या सांगू, असं त्याला वाटलं. आधी हिला जरा सावरू दे. दुसऱ्या दिवशी लिंबाजीला वस्तीतून उचलला. लोक सांगायचे की त्याचे हात कोपरापर्यंत भाजलेले होते आणि पोलिसांनी नेमके तिथंच दोर बांधले. जळलेले हात हाच मग पुरावा झाला.

आणि चौदाव्या दिवशी सुमंगलेनं देवापुढं पाणी सोडलं. ती बोलायला अगदी हळू. शेजारच्या खोलीत असली तरी आहे की नाही कळू नये अशी. एकादशी, सोमवार, प्रदोष, सगळं आधीपासूनच होतं. त्यात तिनं हे घेतलं: ज्याच्या हातानं माझ्या लेकराला आग लागली त्याला त्याची शिक्षा मिळेपर्यंत मी आळणी खाईन. मीठ जिभेला लावणार नाही. तेव्हापासून ती रोज चुलीपुढं दोन भाज्या करायची. त्याची मिठाची, तिची बिनमिठाची. चंद्रभाननं एकदा म्हटलं, मलाही आळणी वाढा. ती म्हणाली, व्रत ज्यानं घेतलं त्यानंच करावं. दुसऱ्यानं फुकट उपाशी मरू नये. दीड वर्षात तिचे गाल बसले, पिंढऱ्यांत गोळे यायचे, उन्हात चक्कर यायची. मिठाची बरणी तिनं फडक्यात बांधून वरच्या फळीवर ठेवली होती आणि त्याच्यापुरतं काढताना तोंड फिरवून काढायची. संध्याकाळी समई लावून ती पुटपुटायची. काय पुटपुटते ते त्याला ठाऊक होतं. तिनं कधी कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं, विंचूसुद्धा चिमट्यानं उचलून कुंपणापलीकडं टाकणारी बाई, आणि ती हात जोडून देवाकडं लिंबाजीचं मरण मागायची. चंद्रभान दोन्ही हातांनी ताट धरून, खारट भाजी गिळत बसायचा.

त्याला सांगायचं नव्हतं असं नाही. त्याला आधी मन शांत करायचं होतं. म्हणून तो घाटाजवळच्या ध्यानकेंद्रात जाऊन आला. दहा दिवसांचं मौन. तिथं पहिल्याच संध्याकाळी पाच शीलं म्हणून घेतात. खोटं बोलणार नाही हे त्यात होतं, आणि ते म्हणताना त्याची जीभ टाळूला अशी चिकटली की शेजारच्या माणसानं वळून पाहिलं. पण मग सोपं झालं. श्वास बघा. संवेदना बघा. येते, जाते. तिला चिकटू नका, तिच्यावर धावूनही जाऊ नका. मांडीत आग लागली, पाठीत आग लागली, चंद्रभान बघत राहिला. त्यात लिंबाजीचे बांधलेले हात आले, तेही तो बघत राहिला. सातव्या दिवशी सिताराम आला, ओल्या पाठीचा, आणि चंद्रभाननं त्यालाही नुसतं बघितलं, येतो, जातो. किती बरं वाटलं. मौन संपलं तेव्हा बाकीचे लोक रडत होते, एकमेकांचे हात धरत होते, आणि त्याच्या मात्र ध्यानात आलं की आपल्याला बोलायची आठवणच नाही. एवढं पवित्र साधन. त्यानं त्याचं चांगलं दडून बसायचं बीळ केलं होतं. घरी आल्यावर सुमंगला म्हणाली, तोंडावर तेज आलंय तुमच्या.

मग गेल्या दिवाळीनंतर त्यानं प्रयोगशाळेतली, मिठाच्या पाण्यावर तरंगलेली बुरशी खाल्ली. बाजरीवरची बुरशी राईसारखी नसते, त्यात ते द्रव्य नसतं, ही गोष्ट मराठवाड्यात त्याच्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती. विद्यार्थ्यांना तो स्वतःच शिकवायचा की हिनं भिंती विरघळत नाहीत, नुसती पोटं उलटतात. तरी त्यानं खलबत्त्यात मूठभर कुटली आणि पाण्याबरोबर घेतली. त्याला भुजंगला बघायचं होतं. जाळाच्या आधीचा, अंगठा मुठीत धरलेला. आला तो ओकारीचा कोंब. टेबलाखाली गुडघ्यांवर पडून तो ओकत राहिला, काळं, चिकट, मग पिवळं, मग नुसतंच वाकणं. भिंती गरगरत होत्या, फरशी तोंडाला लागली होती. भुजंग आला नाही. सिताराम नाही, म्हाताराही नाही. फक्त स्वतःचाच आवाज, अगदी लहान पोराचा, उत्साहानं धापा टाकत: आणला, बापू, आणला.

घराच्या वळणावर त्याला बायनाबाई आठवली. लिंबाजीची आई. मागच्या तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात ती भिंतीला टेकून बसली होती, कडेला भाकरीचं गाठोडं. पोराला आणताना-नेताना शिपायानं देऊ दिलं तर द्यायचं म्हणून. चंद्रभानला बघून ती उठली नाही. नुसती म्हणाली, “साहेब, तुमचा भुजंग शेवटाला काय बोलला हो? माझा लिंबा रोज इच्यारतो. म्हणतो, ते वाचावं म्हणून मी लय बोललो त्याला गाडीत, आई. मला तर काई बोललं न्हाई, बापापाशी तरी बोललं आसंल.” एवढंच. त्यात शिवी नव्हती, शाप नव्हता. तारीख पुढं ढकलली गेली आणि चंद्रभान तिच्या पायांकडं बघत निघून गेला. भेगाळलेले पाय, त्यांतही कुठं कुठं जुने काळे डाग होते, जळक्या मातीत पोराच्या पुस्तकांची पेटी शोधताना पडलेले.

घरी माणिकराव आले होते. अंगणात खुर्ची टाकून चहा पीत होते. थोरले भाऊ, गावचा कारभार त्यांच्या हातात. त्यांनी सगळं सांगून ठेवलं. सरकारी वकील काय विचारेल, चंद्रभाननं काय सांगायचं. तीनच वाक्यं, त्यांनी ती त्याच्याकडून म्हणूनही घेतली. उद्या दहाला जीप येईल, गावातली चार माणसं बरोबर असतील. मग पेला खाली ठेवून ते आवाज न चढवता म्हणाले, “चंदर, तू शिकलेला माणूस. तुमचं ते ध्यान-बिन मी काई काढीत न्हाई. पर उद्या जीभ घसरली तर भुजंग आगलाव्या ठरंल. माझं पोरगं बी त्या राती तिथं होतं, ध्यानात ठिव. एकानं तोंड उघडलं की सगळ्याच्या हातात बेड्या. मेलेल्याला परत मारायचं आन जित्याला फासावर द्यायचं, आसं कुण्या बापानं केलंय का?” चंद्रभान म्हणाला, नाही दादा. माणिकराव उठले, त्याच्या पाठीवर हात ठेवला. बापूंचा हात तसाच जड होता. “शाना हायेस,” ते म्हणाले. आणि आठ-नऊ वर्षांच्या चंदरच्या छातीत तोच जुना आनंद क्षणभर उठला, आपल्याला सांगितलं, आपल्याला. तो आनंद चंद्रभाननं या वेळी स्पष्ट बघितला. जाळात धरलेल्या कणसावर लव दिसते तसा. तो येतो, जातो, असं त्याला म्हणता येईना. तो गेलाच नव्हता. चाळीस वर्षं तिथंच खुंटीला टांगलेला होता.

सकाळी सुमंगला न्हाऊन पूजेला बसली होती. उजाडलेलं होतं, दारातून उन्हाची एक पट्टी देव्हाऱ्यापर्यंत आली होती. तिनं ताम्हनात देव काढले. चंद्रभान उंबऱ्याशी उभा राहिला आणि म्हणाला, एक सांगायचंय. ती म्हणाली, पूजा होऊ द्या. तो म्हणाला, पूजेच्या आधीच सांगायला पाहिजे. तिनं मान वर केली नाही. हातात बेलाचं पान होतं ते तसंच राहिलं.

“आग भुजंगनं लावली होती,” तो म्हणाला. “लिंबाजीनं त्याला बाहेर काढलं.”

तिनं बेलाचं पान ताम्हनाच्या कडेला ठेवलं. घंगाळातून थेंब पडत होता. मग ती म्हणाली, “त्यो काय बोलला ते त्याच्या तोंडचं सांगा. तुमचं नको.”

त्यानं सांगितलं. डब्याचं, सदऱ्याचं, वाकळेचं, शिव्यांचं. शब्दाला शब्द, दीड वर्ष घशात जपून ठेवलेलं, त्याला एकही शोधावा लागला नाही. शेवटी तो म्हणाला, “तुमी सांगा. सगळ्याला सांगा. आईला बी.”

“आईला बी म्हणला?”

“हाव.”

ती उठली. पदर खोचलेला तसाच, स्वयंपाकघरात गेली. फळीवरून बरणी काढली, फडकं ओढलं, गाठ सुटेना तेव्हा दातांनी तोडली. खड्याचं मीठ होतं. तिनं मूठ भरली आणि तोंडात कोंबली. दातांखाली खडे फुटल्याचा आवाज आला, काचा चावाव्या तसा. घास उतरेना, डोळ्यांतून पाणी आलं, गळ्याची शीर तटतटली, तरी दुसरी मूठ भरली. चंद्रभान पुढं झाला, हात धरायला. तिनं धरू दिला नाही. त्याच मिठाच्या हातानं तिनं त्याच्या तोंडावर मारलं. बावीस वर्षांच्या संसारात तिचा आवाज चढला नव्हता. पण हा फटका गालावर असा बसला की मिठाचे कण डोळ्यात गेले आणि ओठ दातावर फाटला. मग छातीवर मारलं, मग पुन्हा तोंडावर. तो उभा राहिला. समोर जे आलं होतं त्याच्याकडं त्यानं पाठ केली नाही. मारता मारता ती जमिनीवर बसली, खोकून खोकून मीठ आणि लाळ फरशीवर सांडली. बरणी कलंडली होती.

बोलता यायला लागलं तेव्हा ती नेहमीसारखीच हळू बोलली. “माझं व्रत घ्यायच्या आधीच फिटलं होतं. दवाखान्यात. ज्याच्या हातानं आग लागली त्याला शिक्षा झाली होती, मी दाराबाहेर बसले होते तेव्हाच. आन तुमी मला आळणी खाऊ घातलंत.” तिनं श्वास घेतला. “आळणी खाल्लेल्याचं काई न्हाई. पर ज्यानं माझ्या लेकराला उचललं त्याचं मरण मी रोज मागितलं. समई लावून. तुमी तिथं जेवायला बसत होतात. तुमाला घास कसा उतरत होता?”

ओठातलं रक्त आणि डोळ्यातलं मीठ, दोन्हींची चव तोंडात एकत्र आली होती. तिनं पदरानं फरशी पुसली. बरणी सरळ केली. खाली सांडलेले खडे वेचून बादलीतल्या पाण्यात टाकले. मीठ पायाखाली येऊ द्यायचं नाही म्हणून. मग ती परत देव्हाऱ्यापुढं गेली, पण पाटावर बसली नाही. ताम्हनातले देव तसेच ओले राहिले. उभ्यानंच तिनं विचारलं, किती वाजले. साडेआठ झाले होते. तो म्हणाला, दादा दहाला जीप घेऊन येतील. त्याआधी मागच्या दारानं निघतो.

“मागच्या दारानं कामून?” ती म्हणाली. “चोरी करायला चाललाव का? पुढच्या दारानं जा.”

त्यानं तोंड धुतलं. ओठ सुजला होता. धुतलेला सदरा घातला. एक बटण दोनदा चुकलं, तिनं मदत केली नाही. पण तो चपला घालत होता तेव्हा ती एक फडक्याची पुरचुंडी घेऊन बाहेर आली. भाकरी होती, वर कांदा, आणि कागदात चिमूटभर तिखट-मीठ. शिदोरी कुणासाठी ते तिनं सांगितलं नाही, त्यानंही विचारलं नाही. व्हरांड्यात भिंतीला टेकून कोण बसलेलं असेल हे दोघांनाही माहीत होतं. नाक्यापर्यंत तो गेला असेल, मागून, घराच्या बाजूनं, जीपचा हॉर्न वाजला. वेळेच्या आधी. पुन्हा वाजला, लांब. कुणीतरी त्याचं लहानपणचं नाव घेऊन हाक मारल्यासारखं त्याला वाटलं. रस्त्यात आज हुरड्याची आगटी अजून पेटली नव्हती, नुसती कालची राख होती. त्या राखेच्या कडेनं चंद्रभान चालत राहिला, ना जोरात ना हळू, पुरचुंडी पोटाशी धरून, आणि एकही शब्द गळू नये म्हणून ओठांत पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागला: आबा, मी लावली.